गुणपत्रिकेतील कला : दोन व्याह्यांचा संवाद

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याने शासनाची इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण केली असेल तर त्याच्या गुणांत ७, ‘ब’ श्रेणीत केली असेल तर ५ आणि ‘क’ श्रेणीत केली असेल तर ३ गुणांची भर पडते. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्य यांच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास १० आणि पाच उत्तीर्ण झालेल्यास १५ गुण मिळतात. आणि लोककला व नाट्य यांत वावरणाऱ्या मुलांसाठीही, योग्य ती प्रमाणपत्रे हजर केल्यास, अशीच काही तजवीज आहे. शासनाच्या दफ्तरात ही सवलत दोनचार पानांत मावते. परंतु ज्या घरात नववीतले मूल आहे आणि त्या मुलाला पेन्सिलीचा किंवा सुरांचा नाद आहे, त्या घरात ती किती खोलवर शिरते, याचा प्रत्यय मला यवतमाळात, शेजारच्या ओसरीवर, श्रावणातल्या एका संध्याकाळी आला.

त्या ओसरीवर बसलेले दोघे गृहस्थ परस्परांचे व्याही. एक महसूल खात्यात कारकून म्हणून लागून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, चाकरीची उमेदीची वर्षे केळापूर, मारेगाव आणि झरी-जामणी या तालुक्यांत काढलेले, आणि तरुणपणापासून गुरुदेव सेवामंडळाच्या भजनात खंजिरी वाजविणारे. दुसरे दारव्ह्याकडच्या एका अनुदानित शाळेत हयातभर चित्रकला शिकविलेले मास्तर. दोघांची मिळून एकच नात, ती नववीत. गळा गोड, हात वळणदार. इंटरमिजिएटचा फॉर्म भरण्याची मुदत जवळ आली होती, गाण्याच्या परीक्षेचेही विचारणे झाले होते, आणि तिकडे शास्त्र-गणिताच्या शिकवणीची वेळ त्याच संध्याकाळच्या तासावर हक्क सांगत होती. माझी अशी समजूत होती की, सरकारी चाकरीत मुरलेले नायबसाहेब गुणांच्या बाजूने आणि कलेत रमलेले मास्तर गुणांच्या विरुद्ध बोलतील. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट, आणि त्यामुळेच तो संवाद लिहून ठेवण्याजोगा झाला.

नायबसाहेबांनी आरंभच निर्वाणीच्या स्वरात केला. ते म्हणाले, “मास्तर, मी उभी हयात दाखले देण्यात घालविली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा, भूमिहीन असल्याचा. असा एकही दाखला नसेल की ज्यावर माझ्या सहीचा शिक्का पडला नाही. म्हणून दाखला कोणाला मिळतो हे मला पुस्तकावाचून ठाऊक आहे. ज्याचे घर कचेरीपासून जवळ, ज्याला अर्जाचा मजकूर लिहिता येतो किंवा लिहवून घेता येतो, ज्याची एका दिवसाची मजुरी बुडाली तरी रात्री चूल पेटते, त्याला तो आधी मिळतो. आणि ज्याचा त्यावर खरा हक्क असतो तो पुष्कळदा पायरीवरच बसून राहतो. शासनाने कलेला गुण दिले म्हणजे काय केले? कलेचाही दाखला केला. आता आमच्या नातीने चित्र काढायचे ते दाखल्यासाठी, तिने भूप आळवायचा तो दाखल्यासाठी, आणि दहावीचा निकाल लागला की रंगांची पेटी माळ्यावर. मला विचाराल तर या पोरीने गावे, खुशाल गावे. पण गाण्याची पावती बोर्डाच्या खिडकीवर दाखवून अकरावीची जागा मागू नये.”

मास्तरांनी हे शांतपणे ऐकून घेतले. त्यांची बोलण्याची रीत अशी की, विरुद्ध पक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मान्य केल्यासारखे करावे आणि मग आपल्या अनुभवाचा एकेक पदर उलगडीत जावे. ते म्हणाले, “व्याहीबुवा, दाखल्याविषयी आपण म्हणता त्यातले अक्षर न् अक्षर खरे. परंतु गुण नव्हते, किंवा असून कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हाची स्थिती आपण पाहिलेली नाही, ती मी पाहिली आहे. वेळापत्रकात चित्रकलेचा तास लिहिलेला असे, आणि सहामाही जवळ आली की तो गणिताच्या गुरुजींना दिला जाई; वर्गात बसण्याची सक्ती मला, आणि वर्ग दुसऱ्याचा. बापाने पोराला जलरंगाची पेटी घेऊन द्यावी म्हणून मी घरोघर हिंडत असे. कापसाचा पैसा हाती आलेला नाही, अशा घरी मी कोणत्या तोंडाने सांगणार की तुमच्या मुलाच्या दृष्टीला सौंदर्याची जाण येईल? त्याच घरी ‘दहावीला सात गुण वाढतात’ एवढे एक वाक्य उच्चारले की पेटी येई, ब्रश येई, ड्रॉइंगचा कागद येई. लोभाने आले हे मला मान्य आहे. पण जे लोभाने आले ते सारेच लोभासाठी राहिले नाही.”

“राहिले कसे नाही?” नायबसाहेबांनी विचारले.

“कारण ती परीक्षाच तशी आहे. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली ही रेखाकला परीक्षा आता राज्याचे कला संचालनालय घेते. इंटरमिजिएटला एक प्रश्नपत्रिका स्थिरचित्राची, एक स्मरणचित्राची, एक संकल्पचित्राची, आणि एक भूमितीची, जिच्यात घनभूमिती आणि अक्षरलेखनही येते. यांतल्या कोणत्याही एका विषयाची घोकंपट्टी करता येत नाही. समोर घागर आहे, वांगी आहेत, मागे दुमडलेले कापड आहे. त्या घागरीच्या पोटावर उजेड कोठे पडतो आणि कोठे मावळतो हे पाहिल्यावाचून कागदावर उतरत नाही. सर्व शालेय जीवनात मुलाला ‘पाहा’ असे सांगणारा हा एकच तास. बाकी सगळीकडे ‘वाच’, ‘लिही’, ‘पाठ कर’. सात गुणांच्या आशेने बसलेले मूल घागरीकडे एकाग्रतेने पाहत राहिले तर त्या पाहण्याला आशेचा कलंक लागत नाही, असे माझे मत आहे.”

येथे मला मास्तरांच्या पक्षाचे बळ जाणवले. कलेच्या शुद्धतेविषयी बोलणारे बहुतेक लोक ज्यांच्या घरी कला आधीपासून नांदते असे असतात. तिचा उंबरठा ज्याने ओलांडलेलाच नाही त्याने कोणत्या निमित्ताने आत यावे, याचा विचार त्यांना करावा लागत नाही. नायबसाहेब मात्र त्या जातीचे नव्हते. त्यांचा आक्षेप शुद्धतेचा वाटला तरी त्याचे मूळ वेगळ्या जमिनीत होते, आणि ते आता हळूहळू उघडे होऊ लागले.

ते म्हणाले, “तुमच्या वर्गातल्या पोराचे मला पटले. आता माझ्या तालुक्यांतल्या पोराचे सांगतो. दिवाळीच्या सुमारास झरी-जामणीच्या आणि पांढरकवड्याच्या बाजूला कोलाम आणि गोंड पाड्यांवर दंडार निघते. दहा-बारा वर्षांची मुले मोठ्यांच्या मागून पावले टाकतात, ढोलावर हात चालवितात, सोंगे काढतात, रात्र रात्र गातात. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत हीच परंपरा दंडारी-घुसाडी म्हणून नांदते. इकडे पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर होळीला लेंगी म्हणतात. बंजाऱ्यांच्या त्या लेंगीत तालाची जी जाण लागते ती मला खंजिरीवर आणता आणता वर्षे गेली. आता मला सांगा, या मुलांपैकी कितींना गुण मिळतात? नियमात लोककला हा शब्द आहे, मला ठाऊक आहे. पण प्रयोग किती झाले, कोठे झाले, कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेने त्याची नोंद केली, असे विचारले तर कोलामाच्या पोराने काय हजर करावे? त्याच्या दंडारीला तिकीट नसते, हस्तपत्रक नसते, संस्थेचा शिक्का नसतो. ज्याची सारी हयात कलेत चालली आहे त्याच्या नावापुढे शून्य, आणि ज्याने तीन वर्षे शिकवणी लावून तीन परीक्षा दिल्या त्याच्या नावापुढे दहा. तुकडोजी महाराजांचे शाळेतले शिक्षण किती थोडे झाले होते! हातात खंजिरी, आणि खंजिरीच्या जोरावर त्यांनी सारा विदर्भ जागा केला. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांचे नाव धारण केले. तेच महाराज आज पंधरा वर्षांचे असते, तर त्यांच्या भजनाला बोर्डाकडून किती गुण मिळाले असते?”

हा प्रश्न मास्तरांना लागला. काही वेळ त्यांनी उत्तर दिले नाही. आणि जे दिले ते विष्णु दिगंबर पलुस्करांच्या आधाराने दिले. “व्याहीबुवा, आपण प्रमाणपत्राला केवळ अडसर समजता. पण एके काळी ते दार होते. १९०१ साली पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा गाणे हे एक तर दरबारात होते, नाही तर कोठीवर. गृहस्थाच्या घरी ते नव्हते, आणि गृहस्थाच्या मुलीच्या गळ्यात तर नव्हतेच. उस्तादाची मर्जी असेल तर विद्या मिळायची, मर्जी फिरली की बंद. पलुस्करांनी अभ्यासक्रम बांधला, वर्ग भरविले, आणि ते गेले त्याच १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, ज्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांना आज आपल्या यवतमाळातलीही मुले बसतात. विशारद झाला म्हणून कोणी गवई होत नाही, हे त्या मंडळींनाही माहीत होते. पण त्या कागदामुळे बापाला धीर आला की मुलगी गाणे शिकते यात लाज नाही. कागदाने एवढे केले हे थोडे नव्हे.”

“मान्य,” नायबसाहेब म्हणाले, “पण तो कागद तेव्हा कोणाला मागे सारून कोणाला पुढे नेत नव्हता. तो फक्त सांगत होता की ही मुलगी एवढे शिकली. त्याला प्रवेशाची किंमत जडली की त्याचा स्वभाव बदलतो.”

मला वाटते, साऱ्या वादाची गाठ याच वाक्यात होती, आणि ती सोडविण्यासाठी दोघांनाही थोडा हिशेब करावा लागला. पाच उत्तम विषयांचे मिळून ५०० गुण. त्यांत ७ गुण म्हणजे १.४ टक्के, आणि १५ गुण म्हणजे ३ टक्के. आपल्या जिल्ह्यात एरवी अकरावीला जागा मिळण्याची पंचाईत फारशी नाही. परंतु २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, आणि ज्या मुलांना नागपूर, अमरावती, पुणे येथल्या नामांकित कनिष्ठ महाविद्यालयांत जायचे असते त्यांची नावे आता एकाच यादीत, दशांशाच्या फरकाने, खाली-वर होतात. वरच्या टोकाला तर गर्दी इतकी की २०१७ साली दहावीला शंभर टक्के मिळविणारे १९३ होते आणि २०२५ साली २११. या गर्दीत पाच उत्तम विषयांच्या सवलतीचा आणि वाढीव गुणांचा भाग मोठा आहे, हे उघड आहे. एकदा कलेचे गुण मुळात मिळत होते त्यापेक्षा कमीही करण्यात आले. रेखाकलेच्या ‘अ’ श्रेणीला पूर्वी १५ मिळत ते ७ वर आले. यावरून एवढे दिसते की, गुण किती असावेत याविषयी खुद्द शासनाची मुनसफीही स्थिर नाही.

आणि बारावीनंतर? येथे नायबसाहेबांना आपला पक्ष जिंकल्यासारखा वाटला. वैद्यकीला नीट, अभियांत्रिकीला सीईटी किंवा जेईई. तेथे रेखाकलेचे सात गुण कोणी विचारीत नाही, मध्यमा पूर्ण झाल्याचे कोणी विचारीत नाही. “म्हणजे,” ते म्हणाले, “पंधराव्या वर्षी ज्या कलेची किंमत पाचशेत पंधरा, तिची अठराव्या वर्षी शून्य. हा कलेचा सन्मान झाला की तिची तात्पुरती नेमणूक झाली?”

परंतु मास्तरांच्या हाती येथे जो मुद्दा आला तो मला त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा वाटतो. ते म्हणाले, “कागद कोणी विचारीत नाही, खरे, पण हात विचारतात. राज्याची सीईटी घेणारा कक्ष दृश्यकलेच्या पदवीसाठी जी प्रवेश परीक्षा घेतो तिच्यात वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे. म्हणजे इंटरमिजिएटच्या प्रश्नपत्रिकांचीच थोरली भावंडे. नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय, मुंबईचे १८५७ पासूनचे जे. जे., येथे जायचे तर हीच वाट. वास्तुशास्त्राला जायचे तर नाटा परीक्षेत रेखाटन, जेईईच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत रेखाटन. अहमदाबादच्या एनआयडीला आणि आयआयटीच्या डिझाइन शाखांना जायचे तर तेथेही हातात पेन्सिल देऊन ‘काढ’ म्हणतात. माझा एक विद्यार्थी, बाप आर्णीकडे कोरडवाहू शेती करणारा, वास्तुविशारद झाला. दहावीला त्याला वाढीव गुण मिळाले होते, पण ते गुण त्याच्या कामी आले नाहीत. घागर पाहण्याची सवय कामी आली.”

नायबसाहेब खुर्चीत पुढे सरकले. “मग माझी यावर मुळीच तक्रार नाही. जेथे पोराला समोर बसवून ‘काढ’ म्हणतात, ‘गा’ म्हणतात, तेथे दाखल्याचा प्रश्न येत नाही. मी इतका वेळ हेच म्हणतो आहे.”

“इतका वेळ आपण ते म्हटले नव्हते,” मास्तर म्हणाले, “पण आता म्हटलेत हे बरे झाले.”

येथून दोघांचे बोलणे वादाच्या वळणावरून शोधाच्या वळणावर गेले. दिल्ली विद्यापीठात अभ्यासेतर गुणवत्तेच्या राखीव वाट्यातून प्रवेश देताना प्रवेश परीक्षेला २५ टक्के आणि कलेची प्रत्यक्ष चाचणी व प्रमाणपत्रे मिळून ७५ टक्के वजन देतात. मद्रासच्या आयआयटीने २०२५-२६ पासून प्रत्येक बी.टेक. शाखेत कलेसाठी २ अतिरिक्त जागा ठेवल्या, त्यांतली १ मुलीसाठी, आणि अट अशी की जेईई अ‍ॅडव्हान्स्ड तर उत्तीर्ण व्हावेच लागेल. मास्तरांना हे दुसरे उदाहरण फार आवडले, कारण तेथे कला ही विद्येतली उणीव भरून काढण्यासाठी येत नाही, तिच्याबरोबरीने उभी राहते. नायबसाहेबांनी मात्र त्यातही बारकाईने पाहिले: अशा जागेसाठी जी मान्यता लागते ती आकाशवाणीच्या श्रेणीची, राष्ट्रीय पुरस्काराची, सांस्कृतिक शिष्यवृत्तीची. यवतमाळला आकाशवाणी केंद्र आहे, म्हणून येथल्या मुलाला निदान त्याचा पत्ता ठाऊक असतो. झरीच्या मुलाला श्रेणी-चाचणी म्हणून काही असते हे कोणी सांगायचे?

केरळची गोष्ट निघाली तेव्हा मास्तरांनाही आपला पक्ष थोडा सैल करावा लागला. तेथे १९५७ पासून शालेय कलोत्सव भरतो; कथकळी, मोहिनीआट्टम, चेंडा, किती तरी प्रकार, हजारो मुले, आणि श्रेणी मिळाल्यास दहावी-बारावीला वाढीव गुण. कलेच्या प्रसाराचा एवढा मोठा शालेय उत्सव देशात दुसरा नसेल. परंतु त्याच उत्सवात वेशभूषेवर आणि खास गुरूंवर पैसा ओतला जाऊ लागला, निकालाविरुद्ध अपिले होऊ लागली, प्रकरणे न्यायालयापर्यंत जाऊ लागली, आणि सर्वश्रेष्ठ मुलामुलींना दिल्या जाणाऱ्या कलाप्रतिभा व कलातिलकम् या पदव्या अखेर बंद कराव्या लागल्या. “गुणांचा भार एवढा वाढला,” मास्तर म्हणाले, “की नृत्य करणाऱ्या मुलीच्या आईने तालाकडे लक्ष द्यायचे सोडून परीक्षकाच्या चेहऱ्याकडे द्यावे. सात गुण मला याचसाठी बरे वाटतात. ते थोडे आहेत. बापाला पेटी घ्यायला लावतील इतके आहेत, आणि अपील करायला लावतील इतके नाहीत.”

यावर मी, कारण मीही तेथे बसलो होतो, अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांचा विषय काढला. तिकडे पदवीच्या प्रवेशात मुलाच्या वाद्यवादनाचे, चित्रांचे, नाटकातल्या कामाचे संग्रह अर्जासोबत पाठविता येतात आणि सबंध व्यक्तिमत्त्वाचा विचार होतो, असे सांगतात. आपल्याकडच्या पाचशे गुणांच्या कोष्टकापेक्षा ते अधिक उदार नाही का? नायबसाहेबांनी जे उत्तर दिले त्यात त्यांची सारी चाकरी बोलली. “सबंध व्यक्तिमत्त्वाचा विचार कोण करणार? कोणी तरी अधिकारी, बंद खोलीत. मी वाचले आहे की हार्वर्डमध्ये १९२० नंतरच्या दशकात परीक्षेच्या गुणांवर ज्यू मुले फार येऊ लागली तेव्हा ती कमी करण्यासाठीच चारित्र्य आणि व्यक्तित्व यांचे वजन वाढविण्यात आले. मुनसफी वाढली की गरिबाला बाजू मांडायला जागा राहत नाही. पाचशे गुणांचे कोष्टक रुक्ष आहे, पण कोलामाचे पोर निदान त्यात आपली बेरीज स्वतः करून पाहू शकते. त्यात कला घालायची तर तीही अशी घाला की त्याची बेरीज त्याला करता येईल.”

आता प्रश्न उरला तो एवढाच की अशी कला शाळेत शिकवणार कोण. आणि या ठिकाणी दोघेही एकाच कायद्याच्या एकाच परिशिष्टावर येऊन थांबले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत; परंतु ते जेथे पटसंख्या शंभराहून अधिक असेल अशा शाळेत. नायबसाहेबांनी ही अट मोठ्याने उच्चारली आणि मग आपल्या तालुक्यांतल्या पाड्यांची नावे मनाशी घेत राहिले. झरी-जामणीत, मारेगावात, घाटंजीच्या जंगलपट्टीत शंभराच्या आतल्या शाळा किती तरी. त्यांना कलेचा निदेशक मिळण्याचा हक्कच कायद्याने उत्पन्न होत नाही. मास्तर म्हणाले, “म्हणजे शासन दहावीच्या टोकाला सात गुण ठेवते आणि सहावीच्या टोकाला शिक्षक ठेवीत नाही. मधली वाट ज्याच्या बापाजवळ शिकवणीचे पैसे असतील त्याने चालावी.” माझ्या मते या विषयावर आजवर झालेल्या सर्व चर्चेत जो मुद्दा सतत बाजूला राहतो तो हाच. गुण वाढवावेत की घटवावेत यावर आपण दरवर्षी भांडतो. गुण द्यायला शासनाला खर्च येत नाही, शिक्षक द्यायला येतो, आणि म्हणून पहिली गोष्ट चटकन मंजूर होते व दुसरी दफ्तरात पडून राहते. ज्या मुलाला रंग कसा कालवावा हे सांगणारे माणूस आयुष्यात भेटलेलेच नाही, त्याला ‘अ’ श्रेणीचे सात गुण खुले आहेत असे म्हणणे हा त्याच्यावरचा उघड अन्याय आहे.

नायबसाहेब उठून आत गेले आणि कागद घेऊन आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावयाच्या अर्जाचा मसुदा त्यांनी तेथल्या तेथे घातला: एकेका शाळेची पटसंख्या शंभराच्या आत असली तरी केंद्रशाळा आणि तिच्या भोवतालच्या शाळा मिळून ती शंभराच्या पुष्कळ वर जाते, सबब केंद्र हा घटक धरून, आठवड्याचे वार वाटून, एक कलानिदेशक सर्व शाळांस मिळून नेमण्यात यावा. मसुदा नेटका होता. मास्तरांनी तो वाचला आणि म्हणाले, “यात आणखी एक कलम घाला. दंडारीत, लेंगीत, भजनात जे मूल भाग घेते त्याला केंद्रप्रमुखाने प्रमाणपत्र द्यावे आणि ते बोर्डाने लोककलेच्या सवलतीसाठी ग्राह्य धरावे.”

“पुन्हा दाखला?” नायबसाहेब म्हणाले.

“मग त्याच्या नावापुढे शून्य राहू द्यायचे? आपणच मघाशी विचारलेत की महाराजांच्या भजनाला किती गुण मिळाले असते. नातीला सात मिळणार आणि त्या पोराला काही नाही, हे आपल्याला चालेल?”

नायबसाहेबांनी लेखणी काही वेळ तशीच धरली. मग ते म्हणाले, “आमच्या खात्यात पैसेवारी ठरवायची असते तेव्हा शेतकऱ्याने कापूस डोक्यावर घेऊन कचेरीत यावे असे आम्ही सांगत नाही. तलाठी, मंडळ अधिकारी शेतावर जातात, उभ्या पिकाचा तुकडा मोजतात, तेथेच कापणी करून वजन करतात. तसे होणार असेल तर मी कलम घालतो. दिवाळीत दंडार निघते तेव्हा दोन जाणकारांनी पाड्यावर जावे, रात्रभर बसावे, मुलांना पाहावे, ऐकावे, आणि श्रेणी तेथे ठरवावी. मुलाने काही हजर करायचे नाही. हजर व्हायचे ते परीक्षकांनी.”

मास्तरांना ते पटले, पण सर्वस्वी पटले नाही. जाणकार कोण, हे कोण ठरविणार, असा त्यांचा प्रश्न होता. कोलामी न समजणाऱ्या परीक्षकाने दंडारीत काय पाहावे, आणि पाहिलेल्याची तुलना नागपूरच्या कथक शिकणाऱ्या मुलीशी कशी करावी? शिवाय पाड्यावर परीक्षक येणार म्हटल्यावर दंडार परीक्षकासाठीच निघू लागली तर? शेवटच्या शंकेवर नायबसाहेब म्हणाले की, तशी ती निघू लागली तर हे कलम रद्द करण्याचा अर्ज आपण स्वतःच करू; परंतु जाणकारांपैकी एक त्याच पाड्यावरचा जुना दंडारी असावा आणि त्याला परीक्षकाचे मानधन मिळावे, एवढे वाक्य त्यांनी मसुद्यात वाढविले. मास्तरांनी त्याखाली लाल पेन्सिलीने ‘प्रवासखर्चासह’ असे लिहिले.

नातीच्या फॉर्मचे त्यानंतर निघाले. इंटरमिजिएटला तिने बसावे यावर मास्तर ठाम होते आणि नायबसाहेबांनी हरकत घेतली नाही. गाण्याच्या परीक्षेची मुदत मात्र यंदा जाऊ द्यावी, गाणे चालू ठेवावे, आणि शिकवणीची वेळ बदलून मिळते का ते पाहावे, असे ठरले. सात गुण योग्य की अयोग्य यावर दोघांचे एकमत झाले नाही. मसुद्याची शुद्ध प्रत सोमवारी करून एक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि एक सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे रवाना करायचे मात्र निश्चित झाले, आणि खाली सही कोणाची आधी यावर व्याही पुन्हा एकमेकांना ‘आपण वडील, आपण आधी’ म्हणू लागले.